देशात सगळ्यात कमी कॅन्सर आपल्याकडे? धाराशिव-बीडचे आकडे आणि माझी चुलती

तेरणाकाठ (धागा सुरू करणारा)

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत होतो, पण चुलतीचं वर्षश्राद्ध होईपर्यंत हात उचलला नाही. ते मागच्या आठवड्यात झालं.

आमचं गाव कळंब तालुक्यातलं. चुलती बावन्न वर्षांची होती. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मग पुन्हा अंगावरून जायला लागलं. आधी नुसता डाग पडायचा. ती कुणाला बोलली नाही. सोयाबीनची काढणी होती, मग हरभऱ्याचा पेरा, मग पुतणीचं लग्न. हळदीच्या दिवशी चक्कर येऊन पडली तेव्हा माझ्या आईला कळलं, की हे सहा महिने चालू आहे. तालुक्याला दाखवलं. तिथं सांगितलं, "या वयात असं होतंच, रक्त कमी आहे, गोळ्या घ्या." आतून कुणी तपासलं नाही. गोळ्यांवर आणखी तीन महिने गेले. शेवटी लातूरला एका बाई डॉक्टरांनी टेबलावर घेतलं, दिवा लावून पाहिलं आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन काकांना म्हणाल्या, "तुकडा तपासायला पाठवते, पण मनाची तयारी ठेवा." पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. लाईट म्हणजे किरणांचा उपचार झाला, केमोच्या सलाईनी झाल्या. त्यानंतर तिनं अकरा महिने काढले.

ती गेल्यावर मी रात्र रात्र वाचत बसायचो. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०१२ ते २०१६ या वर्षांवरचा अहवाल २०२० साली आला. त्यात देशभरातल्या नोंदणी केंद्रांचे दर आहेत. पुरुषांमध्ये सगळ्यात वर मिझोरामचा ऐझॉल जिल्हा, लाखामागे २६९.४. सगळ्यात खाली उस्मानाबाद आणि बीड, ३९.५. बायकांमध्ये सगळ्यात वर अरुणाचलचा पापुमपारे, २१९.८. आणि सगळ्यात खाली पुन्हा आपणच, ४९.४.

मी ते तीनदा वाचलं. आमच्या एका आळीत पाच वर्षांत चार माणसं गेली. दोन तोंडाच्या कॅन्सरनं, एक अन्ननलिकेच्या, आणि चुलती. मग हा आकडा कुठून आला? खरंच आपल्याकडे कमी आहे, की मोजलाच जात नाही? आणि खरंच कमी असेल, तर एवढ्या थोड्या माणसांना वाचवणं सोपं जायला हवं होतं ना? इथं कुणी दवाखान्यात, आरोग्य खात्यात, नोंदणीत काम केलेलं असेल तर सांगा. अजून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपल्याकडे बायकांचा दर पुरुषांपेक्षा जास्त आहे.

---

सिंदफणा

तेरणाकाठ दादा, चुलतीबद्दल वाचून जीव गलबलला.

मी बीडची, ऊसतोडीच्या घरातली. आमच्याकडे कॅन्सर हा शब्द बायकांना आजारामुळं कमी आणि धमकीमुळं जास्त माहीत आहे. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून बाई दवाखान्यात गेली की ऐकायचं, "पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल." माझ्या मायला पस्तिसाव्या वर्षी हेच सांगितलं. मुकादमाची उचल घेतलेली होती. फडात एक खाडा पडला तरी पैसे कापतात, आणि महिन्याचे चार दिवस कोण खाडा देणार? मायनं पिशवी काढली. मी बारावीला गेल्यावर तिला विचारलं, काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का? तिला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. कागदावरही काही नाही.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात सोळा-सतरा.

कॅन्सरच्या भीतीनं एवढ्या बायका टेबलावर गेल्या. पण त्यांच्यातल्या किती जणींची कॅन्सरची साधी तपासणी आधी झाली होती? मला अजून एकही भेटली नाही. आणि आता माय म्हणते, "माझी तर पिशवीच नाही, मला काय होतंय." तिच्या छातीला हात लावून कुणी बघितलेलं नाही. मिश्री ती दिवसातून चार वेळा लावते.

---

नोंदवही

मी काही वर्षं कर्करोग नोंदणीत काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या दराचा अर्थ. हा वयानुसार जुळवून घेतलेला दर असतो. एका जिल्ह्यात तरुण जास्त, दुसऱ्यात म्हातारे जास्त, म्हणून तुलना बिघडू नये यासाठी सगळ्यांना एकाच वयोरचनेवर बसवतात. त्यामुळे "आपल्याकडची माणसं लवकर मरतात म्हणून कॅन्सर कमी" हे उत्तर इथं पूर्ण लागू होत नाही.

कमी असण्याची खरी कारणं आहेत. महाराष्ट्रात धूम्रपान फार कमी आहे. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ बिडी-सिगारेट ओढणारे निघाले, आणि तंबाखू चघळणारे, लावणारे २४.४ टक्के. त्यामुळे फुप्फुसाचा कॅन्सर खेड्यात कमी, तोंडाचा जास्त. स्तनाचा कॅन्सरही शहरांपेक्षा खेड्यात कमी असतो, कारण पहिलं मूल लवकर होतं, मुलं जास्त असतात, अंगावर जास्त काळ पाजलं जातं. हे आजवर संरक्षणासारखं होतं. आता लातूर, बीड, धाराशिव शहरांत ते हळूहळू जातंय आणि छातीच्या गाठीचे रुग्ण वाढताना दिसतात.

आता न मोजलेले. नोंदणीत नाव यायचं तर निदान व्हावं लागतं. सत्तर वर्षांच्या आजोबांना गिळता येईना, घरच्यांनी दोन महिने पेज पाजली, ते घरीच गेले. तुकडा काढलाच नाही. ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी लिहिलेलं कारणच नसतं. असा माणूस कुठल्या आकड्यात येणार? ऊसतोड बाईचं निदान कोल्हापूरकडे झालं आणि तिनं पत्ता सांगितला तो फडावरच्या कोपीचा, म्हणजे झोपडीचा. गावाचं नाव कळलं तरच ती आपल्या जिल्ह्यात मोजली जाते.

तरीही आपल्या भागातली नोंदणी टाकाऊ आहे असं कुणी समजू नका. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली, नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात, डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकारानं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी तिच्या क्षेत्रात आपले परंडा आणि भूम हे तालुके आहेत. शहरातल्या नोंदणीला दवाखान्यांची रजिस्टरं पुरतात. इथं तसं चाललं नसतं. नोंदणीचा माणूस गावोगाव जाऊन सरपंच, मास्तर, दाई यांना विचारायचा, कुणाला गाठ आलीय का, कुणाला गिळायला त्रास आहे का, कुणाच्या अंगावरून जातं का. त्याच फेरीत लोकांना लक्षणं समजावून सांगायचा आणि दवाखान्यात यायला लावायचा. पुढं दिसलं असं, की त्या गावांतल्या बायका आधीपेक्षा लवकरच्या स्टेजला यायला लागल्या आणि जास्त जगायला लागल्या. तेव्हा त्या भागात कुठलीही मोठी मशीन आलेली नव्हती. कुणीतरी घरी येऊन विचारत होतं, एवढंच.

म्हणून माझं मत असं, की दर खरंच कमी आहे, आणि थोडा मोजायचाही राहतोय. पण तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. २०२२ साठीच्या आंतरराष्ट्रीय अंदाजात भारतात वर्षाला १४ लाखांवर नवे रुग्ण आणि ९ लाखांवर मृत्यू आहेत. तीन नव्या रुग्णांमागे साधारण दोन मृत्यू. गावाकडं हे प्रमाण कशामुळं बिघडतं ते तुमच्या चुलतीच्या नऊ महिन्यांत दिसतंच.

---

मांजरापल्याड

एवढे आकडे कशाला? फवारणी बंद करा, कॅन्सर बंद होईल. आमच्या बापजाद्यांच्या काळात कुणाला होता का? सगळं विषारी खातोय आपण.

---

डॉ_गोदाकाठ

मांजरापल्याड भाऊ, मी दातांचा डॉक्टर, परभणीकडे प्रॅक्टिस करतो. फवारणीचा राग मलाही आहे. तोंडाला फडकं न बांधता, उघड्या हातानं औषध कालवणारी पोरं रोज दिसतात. ग्लायफोसेटला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये "बहुधा कर्करोगकारक" म्हटलंय, ते सोडून देण्यासारखं नाही. पण माझ्या खुर्चीत बसलेल्या तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांत तंबाखू न लावणारा क्वचित सापडतो. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर तर जवळपास सगळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो. फवारणी थांबली तरी हे दोन थांबणार नाहीत, आणि आपल्या भागात माणसं जातात ती मुख्यतः याच दोनमध्ये.

बापजाद्यांचं म्हणाल तर माझे आजोबा "गळ्याला गाठ झाली" म्हणून गेले. त्या काळी त्याला नाव नव्हतं.

सिंदफणा ताईंनी मिश्रीचा विषय काढला, बरं झालं. बायकांना ती तंबाखू वाटतच नाही, दात घासायचं साधन वाटतं. दात ठणकला की सुरू होते, मग सवय सुटत नाही. कृपया घरातल्या प्रत्येकाचं तोंड महिन्यातून एकदा उजेडात बघा. गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, तिखट अजिबात सहन न होणं. आणि एक सोपी खूण म्हणजे आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते बघा. जात नसतील तर तोंड आतून आवळत चाललंय. सुपारी-गुटखा खाणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांमध्ये हे मी रोज बघतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी मात्र शाळेच्या रस्त्यावर मिळते. सुपारी एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, पोरगं तळहातावर मिसळतं.

चट्ट्याच्या अवस्थेत आलेला माणूस बहुतेकदा वाचतो. गालातून भोक पडल्यावर आलेल्याला मी फक्त पुढं पाठवू शकतो.

---

बालाघाट_सिस्टर

मी निवृत्त एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्स. उस्मानाबाद जिल्ह्यात उपकेंद्रावर सव्वीस वर्षं नोकरी केली. हा धागा वाचून आज बसलेच लिहायला.

तुम्हाला एक माहीत असावं म्हणून सांगते. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर कोणत्या तपासणीनं थांबतो, हे साऱ्या जगाला आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी दाखवून दिलंय. १९९९ च्या ऑक्टोबरपासून उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली ती आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, असे मिळून होते. गावांचे ५२ गट केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. चार भाग पाडले. एका भागात एचपीव्ही चाचणी, एकात पॅप म्हणजे पेशींची तपासणी, एकात व्हिनेगरसारखं आम्ल लावून डोळ्यांनी बघायची तपासणी, आणि चौथ्या भागात नेहमीचीच व्यवस्था. तपासणी एकदाच. मग आठ वर्षं लक्ष ठेवलं.

निकाल २००९ मध्ये छापून आला. एचपीव्हीच्या भागात ३४,१२६ बायका होत्या, त्यातल्या ३४ या कॅन्सरनं गेल्या. चौथ्या भागात ३१,४८८, त्यातल्या ६४ गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीनं मृत्यू जवळपास निम्मे झाले. पॅप आणि आम्लाच्या एकदाच केलेल्या तपासणीत तसा ठोस फरक दिसला नाही.

मी त्या अभ्यासात नोकरीला नव्हते. पण माझ्या एका गावात त्यांचं पथक आलं होतं आणि बायका गोळा करायला मी हिंडले होते. आधी सासूला पटवायचं, मग नवऱ्याला, बाई आपोआप तयार होते. एक सासू म्हणाली, "माझी सून चांगली धडधाकट आहे, तिला कशाला उघडी करता?" मी म्हटलं, "मामी, धडधाकट आहे तवरच बघायचं असतं." ती सून आली. तिच्यामागं तिच्या तीन जावा आल्या. सासू बाहेर लेकरं धरून बसली होती.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं, की पहिली तपासणी एचपीव्हीचीच करा. त्या सल्ल्यामागं जगभरचे पुरावे आहेत, त्यात आपल्या बायकांचा वाटा मोठा आहे. आणि आज माझ्या जुन्या उपकेंद्रावर ती चाचणी नाही. आम्ल लावायची तपासणी आहे कागदावर. ती करायला दाराला कडी असलेली खोली लागते, टेबल लागतं, दिवा लागतो. माझ्या वेळी तिथं लसीच्या पेट्या आणि मोडकी खाट होती.

---

दुधना

सिस्टर, त्या चौथ्या भागातल्या ६४ बायकांचं काय? त्यांना का तपासलं नाही? गोऱ्या देशात असं केलं असतं का कुणी? मला हे वाचून बरं वाटलं नाही.

---

नोंदवही

दुधना, हा प्रश्न जगभर विचारला गेलाय आणि त्यावरून कडाक्याचा वाद झालाय. अभ्यास करणाऱ्यांची बाजू अशी होती, की त्या वेळी भारतातल्या कुठल्याच खेड्यात तपासणीची व्यवस्था नव्हती, तुलना केल्याशिवाय सरकारला काही पटवता येणार नव्हतं, आणि त्या भागातल्या बायकांना आजाराची माहिती आणि कुठं जायचं ते सांगितलं होतं. टीका करणाऱ्यांचं म्हणणं, की तपासणीनं जीव वाचतात हे आधीच माहीत होतं.

मी दोन्ही बाजू अनेकदा वाचल्या. ६४ या आकड्यापाशी आलो की अजून थांबतो. माझ्यापुरतं मी एवढंच ठरवलंय, की ज्या गावांनी ही किंमत दिली तिथं ती चाचणी सगळ्यात आधी पोचायला हवी होती. निकाल येऊन पंधराहून जास्त वर्षं झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या ज्या बायकांची पिशवीच्या तोंडाची कुठलीही तपासणी कधीतरी झाली होती त्या देशभरात १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

सिस्टरांच्या माहितीत एक भर. आम्ल लावून बघायची तपासणी अगदीच कुचकामी समजू नका. मुंबईच्या वस्त्यांत टाटानं ती दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के कमी झाले. म्हणजे परत परत केली तर उपयोग होतो. एकदाच करायची तर एचपीव्ही चांगली. आता प्रश्न असा, की आपली सहा महिने फडावर असणारी बाई दर दोन वर्षांनी तपासायला सापडेल का? आपल्या भागासाठी एचपीव्हीचा आग्रह धरायला हवा तो यासाठी. शिवाय त्याचा नमुना बाई स्वतःचा स्वतः घेऊ शकते, टेबलावर झोपायची गरज राहत नाही.

---

आशा_भूम

मी आशा आहे. सगळं खरं लिहिलंय. आम्ही तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म भरतो. तंबाखू, दारू, कंबरेचं माप, घरात कुणाला बीपी-शुगर, मग लक्षणं. एका फॉर्मला दहा रुपये. चारच्या वर गुण आले की आरोग्य केंद्रात पाठवायचं.

पण खरी अडचण पुढं येते. मागच्या वर्षी एका बाईला आम्ल लावल्यावर पांढरा डाग दिसला. पुढच्या तपासणीला दुसऱ्या गावी जा म्हणाले. तिची मजुरी बुडते, सोबत कुणी नाही, आणि तिला काही दुखत नाही. मी दोनदा तिच्या घरी गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा कुलूप, टोळीसोबत कर्नाटकात गेलेली. एप्रिलमध्ये परत आल्यावर मी स्वतः घेऊन गेले. सुदैवानं कॅन्सर नव्हता, आधीची पायरी होती. एका बैठकीत जाळून टाकली, अर्ध्या तासात बाहेर आली आणि तिथंच वडापाव खाल्ला आम्ही दोघींनी.

तपासणी आणि इलाज एकाच दिवशी, एकाच जागी झाला तर निम्म्या बायका वाचतील, असं मला वाटतं. मी शिकलेली नाही जास्त. पण हे मला दिसतं.

---

नाव_नको

इथं पहिल्यांदाच लिहितेय. हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून येतो म्हणतात. चाचणी पॉझिटिव्ह आली तर घरात काय म्हणतील? माझा नवरा संशयी आहे. म्हणून मी शिबिरात गेले नाही.

---

बालाघाट_सिस्टर

ताई, लिहिलंस ते फार चांगलं केलंस. नीट ऐक. संसार करणाऱ्या बहुतेक सगळ्या माणसांना, बाईला आणि पुरुषालाही, हा विषाणू कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकांच्या अंगातून एक-दोन वर्षांत आपला आपण निघून जातो, कळतही नाही. थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो आणि पुढं दहा-पंधरा वर्षांनी कॅन्सर होतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कुणालाच सांगता येत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला असू शकतो. त्यामुळे पॉझिटिव्ह येणं म्हणजे वागणुकीचा दाखला अजिबात नव्हे, आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरही नव्हे. "पुढं नीट बघायला हवं" एवढाच त्याचा अर्थ.

घरी सांगताना मी बायकांना म्हणायला लावायचे, "पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे." पुरे तेवढं. रिपोर्ट तुझा आहे, तुझ्याच हातात मागून घे.

---

जालनेकर

लेक बारा वर्षांची आहे. या एचपीव्हीची लस द्यावी का?

---

डॉ_गोदाकाठ

द्यावी. नऊ ते चौदा हे उत्तम वय. पुण्यातल्या सीरमची सर्व्हावॅक २०२३ पासून बाजारात आहे. या वयात दोन डोस देतात. एका डोसनंही चांगलं संरक्षण मिळतं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये मान्य केलंय. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही, हे तिला मोठी झाल्यावर सांगा.

---

देवगिरीनं_गेलेला

माझे अण्णा जिभेच्या कॅन्सरमधून वाचले, सहा वर्षं झाली. आम्ही काय चुकलो ते लिहितो, म्हणजे दुसऱ्यांचे दिवस वाचतील.

पहिली चूक म्हणजे "सुई टोचली की कॅन्सर पसरतो" असं भावकीतल्या चार जणांनी सांगितलं आणि आम्ही महिनाभर तुकडा काढू दिला नाही. तुकडा काढल्यानं पसरत नाही. तो महिना मात्र परत आला नाही. अण्णांची अर्धी जीभ गेली.

दुसरी चूक, घाबरून कागदपत्रं न घेता देवगिरी एक्सप्रेसनं थेट मुंबई गाठली. टाटाला दिवसाला हजारोंनी माणसं. डॉक्टर उत्तम, पण आपल्यालाच काही माहीत नसतं. कोणत्या खिडकीला जायचं यातच पहिले दोन दिवस गेले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून निभावलं. कॅन्सरच्या रुग्णांना आणि सोबतच्यांना तिथं जागा देतात. रात्री आम्ही सात-आठ घरची माणसं व्हरांड्यात बसायचो. नांदेड, हिंगोली, परतूर, उदगीर. सगळ्यांची बोली एक, सगळ्यांच्या हातात तीच पिवळी फाईल.

ऑपरेशननंतर लाईट द्यायची होती. लोकांना वाटतं लाईट म्हणजे एकदोनदा. ती आठवड्यातून पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे चालते. रोज पाच-दहा मिनिटांचं काम, पण रोज जावं लागतं. तिथल्याच डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही मराठवाड्याचे, मग संभाजीनगरला का घेत नाही?" आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात ती सोय आहे, त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. आम्हाला ते माहीतच नव्हतं. मग लाईट तिथं घेतली. अण्णा बहिणीच्या घरी राहून रोज रिक्षानं जायचे.

पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, लाईट, केमो तिन्ही बसतं. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राची खिडकी असते, आधी तिथंच जा. आपले आठही जिल्हे शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत आहेत, म्हणून आपल्याकडे पांढरं रेशनकार्ड असलेल्या शेतकऱ्यालाही सुरुवातीपासून लाभ होता. एक गोष्ट निदानाच्या आधीच करून ठेवा. आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळतंय का बघा. आमचं एका जागी "पांडुरंग" आणि दुसऱ्या जागी "पांडूरंग" होतं. त्या एका उकारापायी आठ दिवस गेले.

रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ आहे आणि सोबतच्याला त्याच डब्यात ७५ टक्के सूट. दवाखान्याकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. आम्हाला हे चौथ्या फेरीला कळलं, तेही समोरच्या बाकावरच्या माणसाकडून.

---

मांजरापल्याड

डॉक्टर, काल मी आरशासमोर तीन बोटं घालून बघितली. दोनच जातात. पंधरा वर्षांपासून खातोय. दुखत काहीच नाही.

---

डॉ_गोदाकाठ

भाऊ, आजपासून सुपारी-तंबाखू बंद, आणि या आठवड्यात दाखवा. घाबरू नका, बहुतेकदा हा कॅन्सर नसतो. पण त्याच वाटेवरचा असतो. परभणीला येणार असाल तर मला निरोप पाठवा, लातूर जवळ पडत असेल तर तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. पण जाच. सुटत नसेल तर १८००-११२-३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत फोनसेवा आहे, मराठीतही बोलतात.

---

सिंदफणा

रात्री मायला सगळा धागा वाचून दाखवला. ऊसतोडीच्या आकड्यापाशी थांबवलं तिनं, म्हणाली, "त्यात मी आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. मिश्रीचा डबा मात्र सकाळी चुलीत घातला तिनं. किती दिवस टिकतंय बघू. मी तिला रोज विचारणार आहे.

---

तेरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आकड्याचं कोडं बरंचसं उलगडलं. आपल्याकडे आजार कमी आहे, आणि तरीही माणूस हाती लागत नाही, कारण तो दवाखान्यात पोचतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. चुलतीचे पहिले सहा महिने तिच्या गप्प राहण्यात गेले, पण पुढचे तीन आमच्या डोळ्यांदेखत गेले. पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसलं तरी आतून तपासणी झालीच पाहिजे, हे तेव्हा घरात एकालाही माहीत नव्हतं.

मी दोन कामं केली. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर उपकेंद्रातल्या खोलीचा विषय घालायला अर्ज दिला. खोली, दाराला कडी, टेबल, दिवा, एवढंच मागितलंय. सरपंचांनी आधी "बायकांचा विषय ग्रामसभेत कसा घ्यायचा" म्हटलं. मग काका उठले. वर्षभरात पहिल्यांदा ते चार माणसांत बोलले. फक्त म्हणाले, "घ्या की. माझी गेली."

दुसरं, बार्शीला फोन करून तपासणीची वेळ विचारून घेतली. आई तयार आहे, बायको तयार आहे, शेजारच्या दोघी आणि आईची जाऊबाई. बुधवारी सकाळी सातला गाडी सांगितलीय.

---

नाव_नको

दादा, गाडी येरमाळ्यावरून जाणार का? मी फाट्यावर थांबते.

---

तेरणाकाठ

येरमाळ्यावरूनच जातो ताई. साडेसातपर्यंत पोचतो. आईला सांगून ठेवलंय, ती खिडकीजवळ बसेल. हिरवं लुगडं.